अकरा नावं

सर, तुमच्या त्या कवितेचा मराठी अनुवाद मी पुन्हा केला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, मी सत्तरीला टेकले. आता भीड कुणाची धरायची!

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. माझ्यासारखेच तुम्हीही या परक्या देशात आलेले; इथल्या कॉलेजात शिकवायचात, मी तिथल्याच लायब्ररीत होते, आणि शनिवारी दुपारी अनुवादाची वही घेऊन यायचे. तुम्ही तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळताय, ती उतू जातेय, आणि तुम्ही ग्रीसमधल्या त्या बेटावरच्या छावणीबद्दल सांगताय. लष्करी राजवटीविरुद्ध कविता लिहिल्या म्हणून तुम्हाला तिथे डांबलं, दिवसभर दगड वाहायला लावले. सोबतचे अकरा जण परतलेच नाहीत. कवितेच्या शेवटी त्यांची नावं येतात, ती मी गाळली होती. मराठी वाचकाला जड जातील, लय मोडेल, असं मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं. "हवं तर बाकीची कविता गाळ," तुम्ही म्हणालात. "नावं लिहिता यावीत म्हणून तर मी जिवंत राहिलो." त्या दिवशी तुम्ही मला कॉफीही दिली नाहीत.

परवा इथे वेस्ट विंडसरला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मीटिंग झाली. संपादक माझ्या मुलीच्या वयाचा, गुणी माणूस. म्हणाला, "काकू, पोएम मस्तच आहे, पण पेज फुल झालंय. दोन-तीन नावं ठेवून बाकीची कट करू या का? तसंही ते जरा पॉलिटिकल वाटतं." माझं डोकंच फिरलं. "मग अख्खी पोएमच कॅन्सल कर. आणि माझी अनारशांची रेसिपीसुद्धा!" शेवटी एक जाहिरात आखडली आणि अकराच्या अकरा नावं बसली. प्रूफ आत्ता माझ्यासमोर आहे. प्रत्येक नाव मी मोठ्याने वाचलं.

काकूंचा काय बाणेदारपणा, असं सगळे म्हणाले. तुम्ही असताना ही कविता पहिल्यांदा छापली, तो अंक त्यांना ठाऊक नाही. त्या वेळचे संपादक जागा नाही म्हणाले आणि मी हूं की चूं न करता चार नावं काढली, उच्चाराला कठीण होती ती. तुम्हाला मात्र सगळी छापलीत असं सांगितलं. तुम्ही अंक हातात घेऊन विचारलंत, "यात माझा धाकटा भाऊ कुठे आहे?" त्या अकरांत तुमचा भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं. त्याचं नाव मी काढलेल्या चारांत होतं.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. मी एका शब्दावर बोट ठेवलं, आणि तुम्ही त्यावरून हात फिरवत राहिलात. सर, ते कवितेखाली छापलेलं माझं नाव होतं.