ह्यूबचा चुकलेला ठेका

मास्त्रिख्त

डॉक्टर फ्रान्सेनबाई,

आम्हा दोघा भावांची हृदयं सारखीच थकलेली. दोघांचे ईसीजीचे आलेख तुम्ही पट्टीने मोजलेत. म्हणालात, "ह्यूब, तुमच्या हृदयाची डावी बाजू मागे रेंगाळते. पेसमेकर तिला ठेक्यावर आणेल. विल, तुमचं ठेक्यातच आहे, नुसतं दमलंय. तुम्हाला उपयोग नाही."

मी चिडलो. "हा जन्मभर बँडमध्ये ठेका चुकला, त्याचं हे बक्षीस?"

काल ब्रॉन्कच्या, आपल्याकडच्या चर्चच्या सणाच्या, मिरवणुकीत पेसमेकर बसवलेल्या ह्यूबने मोठा ढोल चर्चपर्यंत वाजवत नेला. ठेका चुकलाच! मी खिडकीत हसलो, तेवढ्यानेही धाप लागली.

इतकं अचूक, तोंडावर खरं सांगणारं माणूस मी पाहिलं नाही. पण माझ्याबाबतीतही तुम्ही चुकला नाहीत, हे तुम्हाला कळवायला मन धजत नाही. म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवतो.

ठेक्यात दमलेला,
विल थायसेन