सोपानरावांच्या वखारीतलं सातवं माणूस

२ डिसेंबर १९६३, सोमवार

शिरूरहून सकाळच्या एस.टी.नं निघालो, चौफुल्याला उतरलो आणि पुढे हरिबाच्या बैलगाडीतून राहूजवळच्या या वाडीत दुपारी पोचलो. सुखरूप प्रवास घडला, देवाची कृपा. खडकीच्या पलटणीत अकरा वर्षं पडक्या इमारतींतून माणसं काढली. आता सरकारी हुकमानं तीच विद्या इथल्या बारा स्वयंसेवकांना पंधरा दिवस शिकवायची आहे. घर पडलं तर दौंडहून मदत येईपर्यंत गावानं काय करायचं, एवढंच.

हरिबा त्या बारांतला सर्वांत थोराड. आजा मेंढरं राखायचा, बापानं कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला. वाटेभर बोलत होता. म्हणाला, "मेंढरं बरी हुती मास्तर. हाक मारली की येत्यात तरी. ऊस कुठं येतोय?" खूप हसलो.

मुक्काम सोपानरावांच्या गुळाच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत. गाळपाचे दिवस, सगळ्या वाडीला काकवीचा वास. सोपानरावांनी स्वतः रस पाजला. ख्रिस्ती माणूस वाडीत पहिल्यांदाच राहायला आलंय म्हणाले, पण हसून म्हणाले. अनसाबाई नावाच्या म्हातारीनं भाकरी-पिठलं आणून दिलं. घरी बायकोला, दबोराला, पत्र लिहिलं की माणसं चांगली आहेत.

४ डिसेंबर, बुधवार

आजचा धडा छान झाला. पोरांना पहिली खोड मोडायला लावली ती म्हणजे ढिगाऱ्यावर धावत चढण्याची. आपल्या वजनानं खालचं माणूस मरतं. आधी लांब उभं राहून विचारायचं, आत कोण होतं, कुणी कुणाला शेवटचं कुठं पाहिलं, आणि ती मोजदाद खरी निघेपर्यंत काम संपलं म्हणायचं नाही. मग सगळ्यांनी गप्प व्हायचं. लाकडावर दगडानं तीनदा ठोकायचं आणि कान लावायचा. टेकू दिल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि एकट्यानं तर कधीच नाही.

नमुना दाखवायला वखारीचीच मागची भिंत दाखवली. दगड-मातीची, तिला वीतभर पोट आलंय, आणि वरच्या माळ्यावर ढेपांची थप्पी छतापर्यंत. मागच्या खोलीत बायका ढेपा पोत्यात बांधतात. मी सोपानरावांना म्हणालो की निदान माळा उतरवून घ्या. चारचौघांत म्हणालो, ते चुकलं असावं. ते थंडपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरांना शिकवा. माझ्या भिंतीला शिकवू नका."

संध्याकाळी रस आला नाही.

७ डिसेंबर, शनिवार

दुपारी बाराच्या सुमारास वखार पडली. मी खोलीत जेवत होतो. आधी माळ्याच्या लाकडांचा आवाज, मग जमीन हलली. धुरळा बसला तेव्हा मागची भिंत नव्हती, आणि माळा ढेपांसकट खाली आला होता.

सोपानराव म्हणाले, आत सहा हमाल. पोरांनी शिकवल्याप्रमाणे काम केलं, मला त्यांचा अभिमान वाटला. सूर्य मावळायच्या आत सहाही बाहेर काढले. चार जिवंत, दोघे गेले. लोक रडत होते, पाया पडत होते.

मी तरीही सगळ्यांना गप्प केलं आणि तुळईवर तीनदा ठोकलं. हा रिवाज आहे, एरवी काही येत नाही.

खालून तीन ठोके आले.

सगळ्यांनी ऐकले. मी विचारलं, आत आणखी कोण? सगळे सोपानरावांकडे बघत होते. ते म्हणाले, घूस असंल.

८ डिसेंबर, रविवार

आज प्रार्थना ढिगाऱ्याशेजारीच केली. बारांपैकी पाच आले, दुपारपर्यंत एकटा हरिबा उरला. सोपानरावांचा भाचा जयसिंग घरोघर फिरून 'जाऊ नका' म्हणून सांगून आला म्हणे.

शांतता मिळू देत नाहीत. मी हात वर केला की पलीकडं गुऱ्हाळाचं इंजिन सुरू होतं. ऊस नाही, कढई थंड, नुसतंच इंजिन. धक् धक् धक्. दोनदा बंद करायला सांगितलं. जयसिंगनं पहार माझ्या पायाशी फेकली आणि म्हणाला, "तुमचं काम झालंय. पाहुण्यानं आता घर बघावं."

खोलीवर आलो तर पाण्याचा माठ फोडलेला. भाकरी आली नाही. विहिरीवरच्या बायकांनी घागरी उचलल्या आणि निघून गेल्या.

चारच्या सुमारास इंजिन अडकलं. तेवढ्यात ठोकलं. उत्तर आलं. तीनच, पण हळू.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी अनसाबाई शेण गोळा करायच्या निमित्तानं आली. माझ्याकडं न बघता बोलली. "मास्तर, एक मानूस न्हाई मोजलं. नकुशी. आय-बाप, मामा कुनी न्हाई तिला, मीच पोसली. ढेपा बांधाया गेली ती आलीच न्हाई." विचारलं, शनिवारीच का सांगितलं नाहीस? म्हणाली, "माझं खोपाट त्येंच्या रानात हाय."

सोपानरावांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, नकुशी शुक्रवारीच पाबळला मामाकडं गेली. अनसाबाई मागं उभी होती. नकुशीला मामा नाही, हे तिनं सांगितलं नाही.

मी आणि हरिबा दिवसभर खणत राहिलो. मागच्या खोलीचं दार सापडलं. कडी लावलेली, कडीला कुलूप. बाहेरून.

बांधणाऱ्या बायकांनी ओटीत गूळ नेऊ नये म्हणून. हरिबाला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. इतर बायका जेवायला सुटल्या होत्या, नकुशीला राहिलेल्या ढेपा बांधायला मागं ठेवून कुलूप लावलं होतं. म्हणून ढिगारा उकरायचा नाही. दार कुणाला दिसायचं नाही.

खोलीतून माझी वळकटी रस्त्यावर फेकली आहे. हरिबाच्या गोठ्यात बसून लिहितोय. पाठीत दगड बसलाय, श्वास घेताना कळ येते.

१० डिसेंबर, मंगळवार

उजाडताच दाराशेजारी भोक पाडलं, दोन टेकू लावून शिरलो. दहा हात सरपटत. हात लागला – गरम हात.

जिवंत आहे. सतरा-अठरा वर्षांची. तुळई उजव्या पायावर. मुंग्यांनी मान, कान, पापण्या – मी पुसत राहिलो. गूळ चाटून राहिली, त्यानं तहान वाढली म्हणाली. फडकं भिजवून थेंब थेंब पाणी दिलं. तिनं पहिलं विचारलं, "मला कोण सोदत हुतं का?" मी म्हणालो, सगळी वाडी.

तुळई हातानं उचलत नाही. जॅक हवा. रेल्वेच्या यार्डात मिळेल. हरिबा सायकलनं दौंडला गेला, फौजदारालाही आणतो म्हणाला. भोकाच्या तोंडाशी कुणी नाही. मीच शिकवलं होतं, एकट्यानं – पण बाहेर पडलो तर भोक बुजवतील. मी आत असताना काही करणार नाहीत. सरकारी माणूस आहे मी.

फटीतून ऊन येतंय, तेवढ्यात लिहितोय.

नऊ वाजले असावेत. पाय थंड पडतोय तिचा. तिला बोलतं ठेवतो. ती अनसाबाईच्या कोंबड्यांची नावं सांगते.

बैलांच्या घंटा. पुष्कळ. साखळदंड ओढत आणतायत.

ओरडलो – मी आत आहे! एलिया! पोरगी जिवंत आहे!

इंजिन सुरू झालं.

सरपटत तोंडाशी गेलो. पत्रा लावलाय. वर दगड. लाथा मारल्या. पत्र्याखालच्या फटीतून पाय दिसले, दोन माणसांचे. हलले नाहीत. मी नाव घेऊन हाका मारल्या, माझ्याच बारांतली पोरं आहेत, चपला ओळखल्या –

कुणीतरी विचारलं, मास्तर कुठं हाय? सोपानरावांचा आवाज, पत्र्याला लागूनच, इंजिनवरूनही स्पष्ट, "मास्तर काल सांजच्यालाच शिरूरला गेला."



अनसाबाई किंचाळली. एकदाच. मग तोंडावर हात आल्यासारखं –

परत तिच्याजवळ आलोय. तिचा हात धरलाय, डाव्या हातानं लिहितोय. माझा टेकू करकरतोय. साखळी तुळईला लागली, वरून माती पडते. हरिबा आत्ता कुठं दौंडच्या –

बैल हाकारतायत.

नकुशी विचारते, एवढी कोण आली मास्तर? मी म्हणालो, आपली माणसं. आपल्याला काढायला आलीत. ती हसली. म्हणाली, मग त्यास्नी सांगा हळू वडा, माझा पा