न्हाणीच्या पाण्यावरचा दोडका

ईट, ता. भूम
१९ एप्रिल, शनिवार

चि. सौ. सोनाली हिस,

अनेक आशीर्वाद. सासूचं पत्र बघून दचकू नको. मोबाईल बंद पडलाय म्हणून लिहितेय. तू खुशाल असशील. इकडं बरं हाय असं लिहायची रीत हाय, पण पुढं वाच.

आधी परसातलं सांगते. तुराट्यांचा मांडव घातला. त्यावर दोडका चढला, काकडी टोकली, भेंडीला दोन-दोन पानं फुटली. ऊन असं की सकाळचं पाणी दुपारपर्यंत न्हाय. आळ्यात सोयाबीनचं भुसकट पसरलं, तेवढीच वल टिकती. नळ आठवड्यानं येतो, म्हणून न्हाणीची मोरी परसाकडं वळवली.

यंदा न्हाणीचं सांडपाणी भरपूर होतं. रणधीर अंथरुणाला खिळला होता, त्याला रोज मीच अंघोळ घालायचे. दारूनं लिव्हर खाल्लं, हळदीवानी पिवळा पडला होता. ज्या हातानं तुला मारलं तोच हात चोळून धुवायचे. राग यायचा, पण चोळायचे. पोटचा होता ना.

तुझं नाव काढलं का? काढलं, खोटं कशाला सांगू. म्हणला, "तिला कळवू नको आई. मला असा बघून खुश हुईल." शेवटपर्यंत तिरपाच.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेला.

शेवटची अंघोळ अंगणात घातली, पण उतार परसाकडंच. पाणी वाहत दोडक्याच्या आळ्यात गेलं. मी बघत उभी होते, आडवायला हात उठला न्हाय.

मग माझे दीर, हिंमतराव, तुझ्या मागं लागले. सुनेला आणा म्हणले, दहाव्याला तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, चार लोकांनी बघायला पाहिजे. तुझा नंबर एकट्या माझ्यापाशी. मोबाईल पाण्यात पडला म्हणून सांगितलं. पडला कसला, म्याच टाकला न्हाणीच्या बादलीत.

माझ्या फोडल्या तवा काच मनगटात घुसली होती. वण तू बघितलाय. रणधीर दोन वर्षांचा, दाराआडून बघून किंचाळत होता. तेच पोरगं मोठं होऊन तुझ्यावर हात टाकायला लागलं, तवा म्याच तुला येरमाळ्याच्या फाट्यावर गाडीत बसवलं. आता त्याच बांगड्यांसाठी परत आणू व्हय?

दहावा झाला, तेरावा झाला, माणसं पांगली. म्हणून आज कळवतेय. रडू आलं तर रड. न्हाय आलं तर जिवाला लावून घेऊ नको.

घर खायला उठतं गं. तू असतीस तर मांडवाखाली दोघी बसलो असतो, तुला सोलायला शेंगा दिल्या असत्या. लई वाटतं, ये म्हणावं. तरी येऊ नको. हिंमतरावांचं घर समोरच हाय.

दोडके लागलेत. तोडायला हात धजत नव्हता. आज एक तोडला, भाजी केली, एकटीनंच खाल्ली. टाकून कसा देऊ?

आता न्हाणीला पाणी एकटीपुरतंच. वेल किती दिवस तग धरतोय बघायचं.

वर तुझ्या नावाआधी सौ. लिहिलंय ते सवयीनं न्हाय. मी जिती हाय तवर तसंच लिहीन. हातभर बांगड्या घाल.

तुझी, अजून सासूच,
मथुराबाई