चांदीच्या वाटीतली कॉइल

नाना, परवा तुमच्या नातीचं जाकीट धुवायला टाकताना खिशात एक गुलाबी, प्लास्टिकची, बोटभर लांबीची वस्तू सापडली. आधी मला ती लिपस्टिक वाटली. मग वास घेतला आणि कळलं, ई-सिगरेट. आता या अशाच मिळतात. ओढायची आणि संपली की कचऱ्यात टाकायची. धुणं नाही, उकळणं नाही, वाळवणं नाही. आतली कॉइल आतच जळून जाते, तिचं तोंडसुद्धा कुणी बघत नाही. तुम्ही असतात तर हळहळला असतात. मला आधी राग आला, मग भीती वाटली आणि मग तुमची आठवण झाली. ती आठवण मायेची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि गेलेल्या माणसाबद्दल लोकांना चांगलंच ऐकायचं असतं. तुमच्या विद्यार्थ्यांना तर फारच. म्हणून त्यांच्याशी न बोलता तुमच्याशीच बोलते आहे.

दोन हजार आठ साली वसंतात तुम्ही इथे अमेरिकेत, ट्रॉयला, माझ्या बाळंतपणाला आलात. हे वाक्य लिहितानासुद्धा मला हसू येतं. माझ्या मैत्रिणींच्या आया यायच्या त्या डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा घेऊन, गुडघे दुखत असले तरी बाळाला न्हाऊमाखू घालायला. आई तोवर गेलेली होती, म्हणून तुम्ही आलात, आणि बॅगेतून काय निघालं तर सिगरेटची दोन खोकी. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, अख्ख्या पुण्याचे सर, मुलीच्या बाळंतपणाला खोकी घेऊन येतात. मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं, "बाळ घरी आलं की सिगरेट बंद. बाहेर जाऊन ओढलीत तरी तिला हात लावायचा नाही. जमत नसेल तर तिकीट बदलून देते." तुम्ही माझ्याकडे न बघता जावयाकडे बघितलंत. घरात बायको बोलली किंवा मुलगी बोलली की एखाद्या पुरुषाकडे बघायचं, ही तुमची जुनी सवय.

आणि जावई तरी कसला, त्याला भांडण बघवत नाही. त्यानं इंटरनेटवर शोधून चीनहून ते यंत्र मागवलं. "नाना, हे ट्राय करून बघा. स्मोक नाही, फक्त व्हेपर आहे. ऑफिसमधला एक जण यावर क्विट झालाय." दिसायला सिगरेटसारखंच, टोकाला लाल दिवा. एका भागात बॅटरी, एका भागात निकोटिनच्या औषधात भिजवलेला कापूस आणि मधल्या इवल्याशा नळीत ती कॉइल, तारेचं एक वेटोळं. ते तापायचं आणि औषधाची वाफ व्हायची. तुम्ही झुरका घेतलात, नाक मुरडलंत, दुसरा घेतलात आणि खोकी जावयाच्या हवाली केलीत. मी खरंच सुटकेचा निःश्वास टाकला होता. माझी मुलगी तुमच्या मांडीवर बसू शकणार होती.

पण थोड्याच दिवसांत कॉइल कुरकुरायला लागली. वाफेला करपट चव येऊ लागली. नवी मागवायची तर चीनहून यायला कित्येक आठवडे. ती मेली की तुम्ही पुन्हा सिगरेटवर जाणार आणि मी तुम्हाला विमानात बसवणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तेव्हा तुम्ही तिला वाचवायचं ठरवलंत, आणि मी माझ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी सेवा करताना बघितलं.

अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी जावई ऑफिसला गेला की तुम्ही माझ्या किचनमध्ये, ओट्याशेजारच्या उंच स्टुलावर बसता. समोर पांढरा पेपर नॅपकिन. नळी सोडवता, उलटी धरून हलकी फुंकर मारता, राहिलेलं औषध नॅपकिनवर उतरतं. मग गरम पाणी, मग फार्मसीतून आणलेलं स्पिरिट. मग ती नॅपकिनवर उपडी, दिवसभर. कुणी हात लावायचा नाही. पुरती वाळली की औषधाशिवाय नुसती बॅटरीला जोडून क्षणभर तापवायची, आत लाल ठिपका दिसला की थांबायचं. जळकी पुटं सुटून येतात. आणि हे सगळं करण्याआधी तुम्ही एक झुरका घेऊन ती कानाशी धरायचात. डोळे मिटून, श्वास रोखून. "ऐकलंस? घरघर होतेय. आत ओल साठली आहे." मी बाळाला पाजत समोर बसलेली असायचे आणि माझ्या अंगाची लाही व्हायची. "सलग झुरके घ्यायचे नाहीत," तुम्ही शिकवायचात, मी विचारलेलं नसताना. "मध्ये तिला विसावा द्यायचा. दमते ती."

दमते ती. नाना, हा शब्द तुम्हाला माहीत होता तर.

आपल्या पुण्याच्या घरात दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत तुमचे विद्यार्थी सतरंजीवर बसून गणितं सोडवत असायचे, आणि त्यांच्यासमोर सरांनी सिगरेट ओढणं बरं दिसत नाही, म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात येऊन ओढायचात. टेबलाशी बसून, पेपर तपासत, दार लावून. धूर बाहेर गेला तर मुलांना कळेल म्हणून खिडकीही लावलेली. आत आई पोळ्या लाटतेय. तिच्यासमोर ओढणं बरं दिसतं की नाही, हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. मी नववीत असताना एकदा ती खिडकी उघडली होती. तुम्ही लाल पेन खाली न ठेवताच म्हणालात, "लाव ती. बाहेर मुलं बसलीत." मी आईकडे बघितलं. तिनं मानेनंच खूण केली, लाव. मी लावली. तुमची अब्रू त्या खिडकीच्या कडीवर सांभाळली जायची, आणि सांभाळायचो आम्ही दोघी.

आई खोकायला लागली तेव्हा तुमचं निदान तयार होतं. "मिरचीची फोडणी दिली की ठसका लागायचाच." फोडणी सकाळी एकदा व्हायची, ठसका दिवसभर असायचा, पण प्राध्यापकाला कोण विचारणार? पुढे तिला जिना चढवेना तेव्हा वय झालं म्हणालात. अखेर मावशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली, तुम्ही मागून आलात, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून "या सिगरेट ओढतात का?" असं विचारलं तेव्हा तुम्हाला अपमान वाटला. "आमच्या घरातल्या बायका ओढत नाहीत," असं तुम्ही ताठ मानेनं सांगितलंत. हे मला मावशीनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा इथे एमएस करत होते. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आई अर्धं वाक्य बोलून थांबायची आणि उरलेलं हातानं सांगायची. तेव्हाच तिनं मला एक चांदीची वाटी दिली. लग्न नुकतंच झालं होतं, मूल अजून मनातसुद्धा नव्हतं. म्हणाली, "उष्टावणाला," आणि मग दम खाऊन, "मी नसेन." मी तिला रागावले. तिनं वाटी माझ्या हातात दाबली.

ट्रॉयमध्ये मात्र तुमचा दरबार पुन्हा भरला. तुमचे दोन जुने विद्यार्थी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकत होते, त्यांनी आणखी दोघांना आणलं. चिनी यंत्रं त्यांच्याकडेही होती. शनिवारी मोजे घालून माझ्या कार्पेटवर बसायचे, माझ्या हातचे पोहे खायचे आणि खिशातून मेलेल्या कॉइली काढायचे. "सर, माझा पीस डेड झालाय, बघता का?" तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघायचात. एकाची चालू झाली तेव्हा तो दुसऱ्याला म्हणाला, "यार, सरांनी रिव्हाइव्ह केला बघ." तुमचा चेहरा असा फुलला की जणू हृदयाची शस्त्रक्रिया केली होतीत. वर माझ्या चहाच्या भांड्यात ते सगळं उकळायचात. त्या औषधाच्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं, नाना. मी भांडं कचऱ्यात टाकलं आणि सांगितलं, माझ्या एकाही भांड्याला हात लावायचा नाही. तुम्ही मान डोलावलीत. तुम्ही इतक्या सहज ऐकलंत तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, म्हणून पाचव्यात ठरलं. तुम्ही परत जायच्या आधी. मामा नव्हता, म्हणून पहिला घास आजोबांनी द्यायचा होता. तुमचे चारही भक्त जेवायला. मी तुम्हाला देवाच्या कपाटातून वाटी आणायला सांगितली, तुम्ही पुसून आणलीत, जावयानं तिच्यात खीर वाढली. बाळ तुमच्या मांडीवर, नव्या झबल्यात. तुम्ही चमचा भरलात. मी निरांजन घेऊन ओवाळायला वाकले आणि मला खिरीत पुदिन्याचा वास आला.

माझ्या खिरीत वेलची होती. पुदिना तुमच्या औषधात होता.

मी चमचा उडवला. खीर सतरंजीवर, तुमच्या धोतरावर. मूल रडायला लागलं. वाटी रिकामी करून बघितली तर तळाशी पिवळट कडं होतं. "यात काय केलंत?" मी विचारलं. तुम्ही अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलंत, "स्पिरिट. कॉइली धुतल्या. थेट आचेवर नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून. तुझ्या भांड्यांना हात लावला नाही. चांदी शुद्ध धातू आहे, तिच्यावर काही बसत नाही. चांगली विसळली आहे मी."

"आईनं दिली होती ती."

"मग? खराब थोडीच झाली?"

तेव्हा माझा तोल गेला. मुलं बसली होती, पण या वेळी मी खिडकी लावली नाही. म्हटलं, त्या दमडीच्या तारेची घरघर तुम्हाला कानाला लावून ऐकू येते. ती दमते, तिला विसावा लागतो, तिच्यावर पुटं चढतात, सगळं कळतं. आई तुमच्यापासून दोन हातांवर इतकी वर्षं घरघरत होती. एकदा तरी कान लावलात?

तुम्ही धोतरावरची खीर बोटानं निपटत होतात. मग म्हणालात, "तिनं कधी सांगितलं नाही."

"त्या कॉइलनं तरी कुठे सांगितलं होतं, नाना?"

भक्त आपापल्या मोज्यांकडे बघत होते. तुम्ही काही तरी बोलाल म्हणून मी थांबले. खरंच थांबले. तुम्ही उठलात, बाथरूममध्ये जाऊन धोतर धुतलंत आणि येऊन पानावर बसलात. जेवणं झाली. मी बाळाला साध्या स्टीलच्या वाटीतून, माझ्या बोटानं खीर चाटवली. जाताना त्यातल्या एकानं मला दारात गाठून हळूच विचारलं, "ताई, माझा पीस सरांकडे राहिलाय, आणून देता का?" सरांना साजेसेच शिष्य.

तुम्ही पुण्याला परतलात, कॉइल रुमालात गुंडाळून घेऊन गेलात. ती तिकडे किती टिकली, माहीत नाही. फोनवर तुम्हाला ठसका लागायचा तेव्हा तुम्ही म्हणायचात, फोडणीचा. घरात डबा येत होता, नाना. फोडणी कुठली? डॉक्टरकडे जा म्हटलं की फोन जावयाला द्यायला सांगायचात. शेवटपर्यंत माझ्याकडे बघितलं नाहीत, फोनवरसुद्धा.

वाटी मी चिंच लावून घासली, राख लावून घासली. कडं निघालं, पण ती मी पुन्हा कधी वापरली नाही.

आणि आता ही गुलाबी वस्तू माझ्यापुढे टेबलावर आहे. मुलगी शाळेतून आली की तिच्यासमोर ठेवून काय म्हणायचं, ते ठरत नाहीय. बहुतेक काहीच म्हणणार नाही, जाकिटात परत ठेवीन आणि रविवारी तिला गाडी शिकवायला नेईन तेव्हा बोलेन. कारण खिशात सापडायच्या आधीपासून मला माहीत होतं. ती अलीकडे बाथरूममधून बाहेर आली की दबून खोकते, वाक्य पुरं करताना किंचित थांबते. ती कोचावर झोपली की मी जवळ जाऊन तिच्या पाठीला कान लावते. डोळे मिटून, श्वास रोखून. आत ओल आहे का, ऐकते. हे मी तुमच्याकडून शिकले, नाना, आणि कुणाला कधी सांगितलेलं नाही. तिनंही मला अजून काही सांगितलेलं नाही.