शिडीचं पाकीट

दि. ४ जानेवारी

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्रासोबत पाच पाकिटं पाठवते आहे. उघडून बघू नका, पैसे एकातही नाहीत. त्यांवर नावं घातली आहेत : भाडं, किराणा, दवाखाना, शिडी, अडचण. दादाची रंगकामाची मजुरी कधी एकदम येते, कधी महिना महिना येत नाही. माझंही तसंच. पंप-पंख्यांच्या माहितीपुस्तिका भाषांतराला मिळाल्या तर पानामागे पैसे, नाहीतर नुसतंच बसून राहणं. म्हणून आपल्या दोन्ही कमायांची वर्षाची सरासरी काढली. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत एक ओळ भाषांतर झालं नाही, म्हणजे सरासरी काढता काढता सरासरी खाली आणली.

दादाच्या मोठ्या कामातले सात हजार अडचणीच्या पाकिटात ठेवा. शिडीच्या पाकिटात दरमहा माझे दोन हजार येतील, मार्चअखेर नवी शिडी. तोवर त्या तारेने बांधलेल्या पायऱ्यांवर दादाला जपून चढायला सांगा. अडचणीचं पाकीट मात्र मला पत्राने विचारल्याशिवाय उघडायचं नाही. घरातली पहिली शिकलेली मी, एवढा तोरा चालवून घ्या.

लोभ सरासरीने नको, भरभरून असू द्या.

तुमची नणंद


दि. १७ फेब्रुवारी

चि. नणंदबाईस,
अ. आ.

पाकिटं कपाटात ओळीने उभी आहेत. चहाला कुठलं पाकीट, असं तुझा दादा रोज विचारतो. मी म्हणते, तोंडाचं, आणि ते बंद ठेवा. सासूबाईंनी आपला चष्मा दवाखान्याच्या पाकिटात ठेवला. डोळ्यांचंच आहे ना, म्हणाल्या. दोन दिवस शोधत होतो.

शिडीच्या पाकिटात अजून काही पडलं नाही. तुझे पैसे पोस्टात अडकले असतील. इकडे दादाला एका तीन मजली इमारतीच्या जिन्याचं काम मिळालंय आणि काल शिडीची आणखी एक पायरी मोडली. अडचणीतले पैसे काढून नवी आणू का? मी तर आणलीच असती, पण दादा म्हणतो, शिकलेल्या माणसाने नियम केलाय, विचारूनच करू.

तब्येतीला जप, आमची माया आहेच.

वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

विचारलंत ते बरं केलंत. अडचण म्हणजे जी आधी ठाऊक नव्हती ती. शिडी मोडणार हे आपल्याला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. तेव्हा ती अडचणीत बसत नाही. मी कागदावर दोनदा मांडून पाहिलं. माझे पैसे पुढच्या आठवड्यात नक्की येतील. तोवर शिडी भाड्याने मिळते का पाहा. ते भाडं कुठल्या पाकिटातून, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही.

चूक वाटली तरी लोभ कमी करू नये.

तुमची नणंद


दि. ८ मार्च

चि. नणंदबाईस,
अ. आ.

घाबरू नकोस. जिवावरचं पायावर निभावलं. भाड्याने शिडी मिळाली नाही, दादा परवा त्याच जुन्या शिडीवरून पडला. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. वरून आकाशी रंगाचा डबा अंगावर सांडला. दवाखान्यातल्या नर्सने आधी विचारलं, हे काय लागलंय? जिन्याचं काम दुसऱ्याला गेलं.

हाडाला सहा हजार लागले. अडचणीचं पाकीट तुला न विचारता उघडलं, डॉक्टर पत्राची वाट बघेनात. घरी आल्यावर दादा मला हळूच म्हणाला, पडणार हे आधी ठाऊक नव्हतं, तेव्हा बसेल ना गं तिच्या नियमात? तो चेष्टा करत नव्हता. तेच मला लागलं.

एक विचारते, रागावू नकोस. तुझे पैसे पोस्टात नव्हतेच ना?

वहिनी


दि. १२ मार्च

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

नव्हते. जानेवारीपासून मला एकही पान मिळालेलं नाही. सरासरीने मी महिन्याला नऊ हजार मिळवते, पण घरमालकाला सरासरी चालत नाही. साठवलेलं सगळं खोलीच्या भाड्यात गेलं. अडचणीचं पाकीट रिकामं झालं असतं, तर तुम्ही माझ्याकडे मागितले असते आणि माझं बिंग फुटलं असतं. म्हणून ती व्याख्या. तुम्ही सगळ्यांनी मला शब्द शिकायला पाठवलंत, मी ते असे वापरले.

या पत्रात दोन विनोद लिहून खोडले. खाडाखोड दिसेल.

लोभाचं काय लिहू?

तुमची नणंद


दि. १७ मार्च

चि. नणंदबाईस,
अ. आ.

रडून झालं असेल तर वाच. मी या घरात आले तेव्हापासून सगळ्यांत भिकार महिना धरून घर चालवते. गेल्या वर्षी तो तीन हजारांचा होता. तेवढ्यातच भागवायचं. वर येईल त्याला हात लावायचा नाही, पुढच्या भिकार महिन्यांसाठी ते राहतं. तुझ्या दादाच्या मोठ्या कामातले सात हजार असेच मागे पडले होते. हे तुला तेव्हाच सांगणार होते. पण तू इतकी नेटकी पाकिटं पाठवलीस, मला वाटलं, शिकलेल्यांचं काही वेगळं असेल. मीही गप्प बसले, तेव्हा अर्धी चूक माझी.

शिडी घेतली. शेजारच्या रंगाऱ्याशी भागीदारीत, निम्मे निम्मे. पाय बरा होईपर्यंत तोच वापरील. आता हिशेब माझ्याकडे. दर एक तारखेला तुझा खरा आकडा कळवायचा, कितीही लाजिरवाणा असो. दादाला मी काही सांगितलेलं नाही. तो अजून नियमच वाखाणतो आहे. ते तुझं तू सांग.

वहिनी


दि. १ एप्रिल

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

वहिनींना कळव : मार्चची कमाई तीनशे चाळीस. एका मिक्सरची पुस्तिका, चार पानं. त्यातलं निम्मं पान, उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये, एवढ्यासाठीच होतं.

दादा, जानेवारी आणि फेब्रुवारीत शून्य होतं. ते लपवायला मी शिडी अडवून धरली. नियम वगैरे काही नव्हता, मला नुसती भीती वाटत होती. तू शिव्या दे, मी वाचीन. वहिनींना सांग, तुझ्या तोंडून लिहून घेताना एकही गाळू नका.

आणि पुन्हा कधी शिडी लागली, तर मला विचारू नकोस. आधी घे.

राग ओसरला की लोभ ठेव, घाई नाही.

तुझी धाकटी