पूर्ण सहा औंस

३ मार्च
सरकारी पत्रक आलं. एक जूनपासून मालाच्या वेष्टनावर फक्त ग्रॅम, किलो. औंस चालणार नाही, कंसातसुद्धा नाही. हसलो. आपल्या बूटपॉलिशच्या डबीवर बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी सोनेरी अक्षरांत छापून घेतलंय : 'पूर्ण सहा औंस. शब्द म्हणजे शब्द.' सरकारं येतात-जातात, डबी राहते.
संकल्प : चिडायचं नाही. वजन उतरवायचं. (आज १८४ पौंड. किलोत मोजणार नाही.)

९ मार्च
कारखान्याचं ऑफिस आता मुलगी बघते. म्हणाली, आत्ताच स्टिकर मागवू. म्हटलं, कायदा मागे घेणार आहेत. कुणी सांगितलं म्हणे. म्हटलं, एकंदर वातावरणच तसं आहे.

२२ मार्च, दुपार
सरकारला हरकतीचं पत्र. बारा पानं. बायकोने पहिलं पान वाचून विचारलं, हे पॉलिशबद्दल आहे की तुमच्या वडिलांबद्दल. तिला मसुद्यातलं काही कळत नाही.

१७ एप्रिल
उत्तर आलं. दोन ओळी. अक्षरांची उंची किमान चार मिलिमीटर ठेवावी.

१८ एप्रिल
एवढं स्टिकर लावलं तर खालच्या ओळीतलं 'शब्द म्हणजे शब्द' अर्धं झाकलं जातं. मुलीशी वाद. मी जिंकलो. स्टिकर अगदी चिंचोळं, फक्त औंसाची ओळ झाकणारं. '१७० ग्रॅम'. हिशोब मी स्वतः केला. प्रिंटरने कपाळाला हात लावला, पण छापून दिलं.

६ मे
मुलीने वर्षभर खेटे घालून एका मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर मिळवली. अट एकच, तपासणीचा दाखला. तो नाही मिळाला तर मी सरळ नोकरी धरते, म्हणाली. लांबच्या गावी. म्हटलं, वजनाच्या बाबतीत आपल्या घराण्याकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.
वजन : १८६. काटा जुना आहे.

२७ मे
मुलीने इलेक्ट्रॉनिक काटा आणला. भरलेल्या डबीतलं पॉलिश १५१ ग्रॅम. दुसरी डबी, १५०. काटा बिघडलेला. बदलून आणायला लावला. दुसरा काटाही १५१. दोन्ही एकाच कंपनीचे, आतून संगनमत असणार.

२८ मे
संशय फिटावा म्हणून डब्या तोलायचं बाबांचं सहा औंसाचं वजन हातात घेतलं. उलटं केलं. तळाच्या खळग्यात शिसं भरलेलं असतं. खळगा रिकामा.
पॅकिंगच्या मावशींना विचारलं. पस्तीस वर्षं त्याच स्टुलावर बसतात. मान वर न करता म्हणाल्या, पॉलिशचं मेण महागलं त्या साली मालकांनीच काढलं ते, स्क्रूड्रायव्हरने. पुढच्या हंगामात परत भरतो म्हणाले, ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, वजन धरून तुम्हीच तर उभे होतात, धाकटे.
मावशींना वयामुळे नीट आठवत नाही.
ड्रॉवर उघडला नाही. किल्ली सापडत नाही. माझ्या जुडग्यात एक आहे, पण ती त्याचीच असेल असं नाही.

१ जून, सकाळ
आज दाखल्यासाठी वजनमापं खात्याचा निरीक्षक. योजना : चहा, बाबांच्या आठवणी, जमलं तर पत्रातली दोन पानं वाचून दाखवणे. काट्यापर्यंत गाडी येऊच द्यायची नाही.

१ जून, संध्याकाळ
चहा नको म्हणाला. डबी काट्यावर ठेवली. १५१. स्टिकरकडे बघितलं. मी म्हटलं, मेण सुकतं हो साहेब. कधी भरली म्हणाला. मावशींनी सांगून टाकलं, सकाळी. गोदामाला सील. वीस तारखेला पुन्हा येणार.
मुलगी घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती. मला भांडलेली चालली असती.

४ जून
तोडगा निघाला. ड्रॉवर उघडला, शिसं होतं. वजनात परत ठोकून बसवलं. आजपासून पुरते १७० भरायचे. एक डबी स्वतः ओतली. झाकण लागेना. दुसरी ओतली, सांडली. मावशींनी फडकं पुढे केलं. म्हणाल्या, डबीचा साचाही मालकांनी त्याच साली नवा करून घेतला होता. हे आधी का नाही सांगितलं? म्हणाल्या, तुम्ही कुठे विचारलंत.

५ जून
मुलीने पेन पुढे करून विचारलं, नव्या स्टिकरवर किती टाकू. १५१ म्हणालो. तिने लिहून घेतलं. नोकरीचा अर्ज पाठवलाय का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
वजन : ८४ किलो ४०० ग्रॅम.
संध्याकाळी प्रिंटरला फोन. म्हटलं, या खेपेला स्टिकर चार मिलिमीटर जास्त उंच काप. म्हणाला, मग तुमची खालची ओळ पूर्ण झाकली जाईल.
म्हटलं, बघ, पाच करता आले तर.