वक्त्याचा हात

१४ जून १९९८

दुकानात गिऱ्हाईक नाही. संकल्पाला उत्तम दिवस.

सेलूच्या या कापड दुकानात गल्ल्यावर बसून मी वाचनालयाची तीन कपाटं संपवली. आता वाचलेलं लोकांना वाटायचं. यंदा तालुक्यातल्या शाळांमध्ये पंचवीस व्याख्यानं. विषय: ‘तरुणांनो, आपलं शरीर ओळखा!’ मानधन नको, हार नको. नारळ चालेल. अज्ञान हा सगळ्यात जुना रोग आहे आणि जीभ हे त्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध. (वाक्य बरं जमलं. वापरणे.)

घरी जाहीर केलं. कौशल्या म्हणाली, “अन् दुकान कोन पाहीन?” मोठ्या कार्याला पहिला विरोध स्वयंपाकघरातून होतो, हे इतिहासात वाचलंच होतं.

उजव्या हाताला, कोपराच्या खाली, एक फिकट डाग दिसतो. शिबं असणार. साबण बदलणे.

२७ जून

पहिलं व्याख्यान. जोरदार.

मुलांना विचारलं, कोपर बाकाला आपटलं की करंट थेट करंगळीतच का जातो? कोणालाच येईना. मग सांगितलं. कोपराच्या मागून एक नस जाते, तिच्यावर मांसाचं पांघरूण जवळजवळ नाहीच. तीच पुढे करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात पोचते. निसर्गाने वायर उघडी टाकली आहे, म्हणून शॉक! सगळ्या वर्गाने धडाधड कोपरं आपटली. केवढा आवाज! हेडमास्तर धावत आले.

मीही आपटलं. करंगळीत काही आलं नाही. टेबल जुनं, लाकूड पोकळ.

११ जुलै

आज आचलच्याच शाळेत. ती नववीत आहे. वडिलांचं वक्तृत्व मुलीने ऐकणं हा संस्काराचाच भाग.

विषय त्वचा. शरीराचा सर्वांत मोठा अवयव कोणता, तर त्वचा. तिच्यात स्पर्शाचे पहारेकरी कुठे दाट आहेत, कुठे विरळ. हे दाखवायला कंपासपेटीतला डिव्हायडर घेतला. बोटाच्या टोकावर दोन्ही टोकं अगदी जवळ लावली तरी ती दोन कळतात. हाताच्या मागच्या बाजूला बरीच लांब लावली तरी एकच वाटतं. मुलांनी एकमेकांवर करून पाहिलं, आनंदले.

मग आचलला मंचावर बोलावलं. बाही वर केली, डोळे मिटले आणि म्हणालो, लाव. वाट पाहिली. पुन्हा म्हणालो, लाव की बाई, घाबरतेस कशाला?

ती म्हणाली, “लावलं ना बाबा. लय येळचं लावून राह्यली मी.”

पोरी हलक्या हाताच्या असतात. तिला दूध वाढवायला हवं.

१२ जुलै

आचलने आईला सांगितलं. घरात फितुरी.

कौशल्याने दिवा जवळ आणून हात पाहिला. म्हणाली, “हे शिबं नाई जी. दवाखान्यात दाखवा.” मी म्हणालो, शास्त्रीय चाचणी होऊन जाऊ दे. देवघरातलं मोरपीस घेतलं, डोळे मिटले, ती लावेल तेव्हा मी ‘हो’ म्हणायचं. दहापैकी दहा! एक डोळा किंचित उघडा होता, पण तो केवळ उजेडाचा अंदाज घेण्यापुरता.

कौशल्याने पीस देवघरात ठेवलं. निकाल मान्य असावा.

३ ऑगस्ट

एक विलक्षण शोध.

बंडूजीच्या टपरीवर चहा घेत होतो. बाकीचे लोक काचेचा ग्लास काठाला धरून फुंकत होते, मी मुठीत धरला होता. बंडूजी म्हणाला, “भाऊ, हात हाय का चिमटा?” सगळे हसले. पण मी विचारात पडलो. इतक्या वर्षांचं वाचन, चिंतन, सकाळचं थंड पाण्याचं स्नान. इंद्रियं आपोआप ताब्यात आली की काय?

व्याख्यानात नवा भाग घालणे.

७ ऑगस्ट

घातला. मेणबत्ती पेटवली, करंगळीकडची तळहाताची कड ज्योतीवर धरली आणि गर्जना केली, “बघा! दुखत नाही!” टाळ्या थांबेनात. एक मुलगी मात्र रडायला लागली. हळव्या मनाच्या मुलांना पुढच्या रांगेत बसवू नये.

आधी मुलांना सांगितलं होतं की वेदना हा शरीराचा चौकीदार आहे. मग म्हणालो, पण मालक जागा असेल तर चौकीदार कशाला? हेही वाक्य चांगलं.

८ ऑगस्ट

तळहाताच्या कडेला फोड. मोठा. दुखत नाही. म्हणजे दुहेरी पुरावा.

२ सप्टेंबर

आज खऱ्या अर्थाने सार्थक.

बंडूजीच्या टपरीबाहेर खिळ्याला एक वेगळा ग्लास टांगलेला असतो. तो तानबाचा. तानबाला पूर्वी कुष्ठरोग होता, पूर्ण औषध घेऊन बरा झाला, हाताची बोटं मात्र आखडलेली राहिली. मी टपरीवरच उभा राहून कडाडलो. हा रोग शापाने होत नाही! हा आईबापाच्या रक्तातून येत नाही! शंभरातल्या पंच्याण्णव माणसांचं शरीर हा जंतू स्वतःच परतवून लावतं! औषध सुरू झालं की लागण थांबते! मग हा ग्लास बाहेर का?

बंडूजीने खिळा उपटला. “चुकलं बापा,” म्हणाला. तानबाने सगळ्यांसारख्याच ग्लासात चहा घेतला. माझ्या हाताकडे मात्र बराच वेळ पाहत होता. जाताना जवळ येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, एक डाव सरकारी दवाखान्यात जाऊन येजा.”

दवाखान्यातही माझं व्याख्यान व्हावं असं त्याला वाटतं. तळागाळातून मागणी येते आहे.

९ ऑक्टोबर

घरोघरी पाहणीवाले आले. एक बाई, एक पुरुष. अंगावर फिकट, लालसर, बधिर चट्टा आहे का, असं विचारू लागले. किती कोरडं! विचारायचं कसं ते मी त्यांना करून दाखवलं. लोकांना आधी सांगा की चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच माणूस फसतो. न दुखणारा चट्टा हा गोड बोलणारा चोर आहे! त्यांनी ऐकून घेतलं. मग तो पुरुष म्हणाला, “भाऊ, शर्ट काढता काय?”

मी हसलो. म्हणालो, अहो, मी तपासणाऱ्यांच्या बाजूचा.

कौशल्या आतल्या दारात उभी होती. तोंड उघडलं तिने. मी म्हणालो, पाहुण्यांना चहा आण. तिने पाहुण्यांकडे एकदा पाहिलं. मग गेली.

जाताना त्यांनी भिंतीवर खडूने बरोबरची खूण केली. आमचं घर प्रमाणित.

१७ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. कात्री दोनदा हातून पडली. परकराचं कापड तिरपं कापलं गेलं, गिऱ्हाईक खवळलं. धार गेली आहे, कात्री बदलणे.

भिंतींना चुना मारून झाला. खडूची खूण तेवढी मारणाऱ्याला सोडायला लावली. कौशल्या म्हणाली, “ते काऊन ठेवता?” मी म्हणालो, सर्टिफिकेट कोणी पुसतं का?

१८ नोव्हेंबर

पेपरात फोटो! तिसऱ्या पानावर, पण मोठा. उजवा हात आकाशात, तीन बोटं ताठ, अनामिका आणि करंगळी किंचित आत वळलेली. किती रुबाबदार! मी असं कधी ठरवून केलं नव्हतं. वक्ता मुरला की हात आपोआप बोलू लागतो.

फोटो दुकानात लावला. बंडूजी पाहून गेला. “बोटं अशी काऊन जी?” म्हणाला. कलेतलं त्याला काय कळणार.

६ डिसेंबर

जिथे जातो तिथे पोरं ‘काकाजी, काकाजी’ करत दोन बोटं वळवून हात वर करतात. एका शाळेच्या फाटकावर सगळी रांग तशी उभी होती. अंगावर काटा आला. पिढी घडते ती अशी.

डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायची सवय करतो आहे. दोन्ही हात समान कार्यक्षम हवेत, असं वाचलं आहे.

३ जानेवारी १९९९

तीस जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन. त्यानिमित्त आचलच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘चट्टा लपवू नका’. सर्व स्पर्धकांना भाषण मीच लिहून दिलं. परीक्षकही मीच. दुसरा माणूस आहेच कोण?

आचल रात्री आरशासमोर सराव करत होती. हात वर, दोन बोटं आत. कौशल्या पोळपाट टाकून धावत आली, पोरीची बोटं धरून खसकन सरळ केली. “पुन्हा अशी करशीन तं पाहाजो! उघड! पुरी उघड!” आचल घाबरली, म्हणाली, “मी नक्कल करून राह्यली व माय.” कौशल्या तिची बोटं एकेक उघडून, एकेक मिटून पाहत राहिली.

मुद्रेबद्दल घरातच इतका अनादर.

१५ जानेवारी

आता कौशल्या रोज सकाळी आचलचे हात पाहते. तळवे, पाठ, दंड, मान. आणि मग माझ्याकडे पाहते. मी पेपर वाचतो.

तिला काय वाटतं ते मला कळतं. पण मी पंचवीसपैकी बावीस व्याख्यानं त्वचा, स्पर्श, चट्टा याच विषयांभोवती दिली आहेत. इतकं माहीत असलेल्या माणसाला ते कसं होईल?

३० जानेवारी, रात्री

अक्षर वाईट येतं आहे. डावा हात.

अध्यक्षस्थानी दवाखान्यातली एक डॉक्टर बाई होती. वय कमी, चप्पल साधी. मी शेजारच्या खुर्चीत. पहिल्या मुलाने हात वर केला, दोन बोटं आत. दुसरीनेही. तिसऱ्यानेही. भाषण माझं, हात माझा. एकामागून एक मुलं येत होती आणि तोच हात वर जात होता. बाई पुढे सरकून बसल्या. आचल बोलून झाल्यावर त्या उठल्या, तिची बोटं हातात घेतली आणि विचारलं, “हा हात कोणाचा?”

पोरं ओरडली, “काकाजीचा!”

मी उभा राहिलो. दाखवला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माइकपाशी जाऊन शांतपणे म्हणाल्या, “सगळ्यांनी बोटं सरळ करा बरं.”

सगळ्यांनी केली. रांगभर हात ताठ झाले. आचलचाही. तिच्या हाताकडे मी जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग माझ्या बोटांना मीही हुकूम सोडला. आतापर्यंत एवढी माणसं माझ्या शब्दावर उठली, बसली. दोन बोटं हलली नाहीत.

बाईंनी माइक बंद केला. जवळ येऊन म्हणाल्या, “आत चहा घेऊ या.” आतल्या खोलीत चहा नव्हता. कौशल्या होती, तिला कोणी बोलावलं ठाऊक नाही. बाईंनी माझे डोळे रुमालाने बांधले. नीट बांधले, गाठ मारून. म्हणाल्या, स्पर्श झाला की सांगा.

मी वाट पाहिली. मग म्हणालो, लावा की डॉक्टर.

कौशल्याचा आवाज आला. “लावलं जी. कवाचं लावलं.”

१४ फेब्रुवारी

पाठीवर आणखी सहा चट्टे निघाले. मी पाठ कधी पाहिली नव्हती. जिने पाहिली होती, तिला मी चहा आणायला पाठवलं होतं.

बारा महिने गोळ्या. फुकट आहेत. पहिल्या दिवशी लघवी लाल होते, ते औषधाने, घाबरायचं नाही. हे मी मुलांना सांगत असे. स्वतःची पाहिल्यावर घाबरलो. कौशल्या आणि आचलला तपासलं, दोघी स्वच्छ आहेत. रोग नक्की जाईल. बोटांचं सांगता येत नाही. नस निकामी होऊन सहा महिन्यांच्या आत आलं तर पुष्कळदा हात वाचतो. बाईंनी विचारलं, बधिरपणा पहिल्यांदा कधी कळला? मी म्हणालो, आठवत नाही. आचल म्हणाली, “अकरा जुलैले.”

टपरीवर बंडूजीने मला प्लास्टिकच्या कपात चहा दिला. “आता सगळ्याइलेच देऊन राह्यलो भाऊ,” म्हणाला. शेजारी तिघे काचेच्या ग्लासात पीत होते. भाषण आठवत होतं, शब्दन् शब्द. केलं नाही. तानबा आला, माझ्या हातातला कप काढून घेतला, स्वतःचा ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि बंडूजीला म्हणाला, “ज्यानं तुले खिळा उपटाले लावला, त्यालेच बाहेर बसवला काय बे?”

घरी खडूची खूण कौशल्याने ओल्या फडक्याने पुसली.

रोज संध्याकाळी हाताला तेल लावून बोटं दुसऱ्या हाताने सरळ करायची असतात. माझ्या डाव्या हाताला ते नीट जमत नाही, म्हणून आचल करते. आधी करंगळी, मग अनामिका. आज जोरात ओढलं तिने. लगेच थांबली. म्हणाली, “दुखते काय बाबा?”

दुखत नाही, म्हणालो.

टाळ्या वाजल्या नाहीत. तिने पुन्हा करंगळी धरली.